चाळणीने वाढवलेली ओळ

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत, सहामाहीचे पेपर पालकांना दाखवायच्या दिवशी. सातवीचा वर्ग, मुलांच्या बाकांत अवघडून बसलेले आईबाप आणि माझ्या टेबलापुढे रांग. त्या रांगेत काय बोललं जातं ते मला पाठ होतं. इथे अर्धा मार्क वाढतो का बघा, तिथे बेरजेत एक राहिलाय. तिची पाळी आली तेव्हा तिने गणिताचा पेपर फिरवून, मला सरळ वाचता येईल असा ठेवला आणि चौथ्या गणितावर बोट टेकवलं.

"बाई, इथे दोन मार्क जास्त पडलेत."

"जास्त?"

"उत्तर बरोबर आहे. पण या ओळीत त्याने वजाबाकी चुकवलीय आणि खालच्या ओळीत परत चुकवलीय. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं, म्हणून उत्तर बरोबर आलं. रीत चुकलेलीच आहे."

मुलगा मागे उभा राहून तिच्या पर्सचा पट्टा ओढत होता. मी गणित पुन्हा पाहिलं. ती म्हणत होती ते खरं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मार्क कमी करून घ्यायला आलेली ती एकटीच. मी दोन मार्क उतरवले, सही केली आणि ती आभार मानून निघून गेली. मुलाने मात्र वर्ष संपेपर्यंत माझ्याशी जपूनच बोलणं ठेवलं.

पुढे ती आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहायला आली, आणि ती काय करते ते कळलं. महागड्या गाड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये ती पार्टच्या खिडकीवर होती. पुढे काचा, सोफे, कॉफीचं मशीन. मागच्या बोळात लोखंडी जाळीची एक खिडकी, आणि जाळीच्या आत ती. मेकॅनिकने चिठ्ठी आणायची, तिने पार्ट काढून द्यायचा, एवढंच काम. पण ती चिठ्ठी वाचायची. चार लिहिलेत, बिघाड तर एकाच चाकात आहे, मग चार कशाला? मेकॅनिक लोकांनी तिचं नाव चाळणी ठेवलं, कारण तिच्या खिडकीतून खडा पलीकडे जात नसे. तिला त्या नावाचं वाईट वाटलं नाही. उलट चोवीस वर्षांनी ती निवृत्त झाली तेव्हा त्यांनी तिला एक पितळी चाळणी भेट दिली. ती तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. वापरात नाही.

निवृत्तीनंतर लोक आपापल्या गाडीच्या दुरुस्तीची एस्टिमेटं घेऊन तिच्याकडे यायला लागले. गाडी जुनी झाली, वॉरंटी संपली, शोरूमने आठ-दहा पानं हातात ठेवली, की बिचारा माणूस आधी घाम पुसतो आणि मग चाळणीचा पत्ता विचारतो. खिडकीजवळचं जेवणाचं टेबल हे तिचं ऑफिस. टेबलक्लॉथ अर्ध्यावर गुंडाळायचा, भिंग काढायचं आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायची. लाल टिंब म्हणजे आत्ता करा. निळं म्हणजे सहा महिन्यांनी केलं तरी चालेल. आडवी रेघ म्हणजे नको. आणि जिथे गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह. तिची फी ठरलेली, आणि तुमचे किती वाचले याच्याशी तिचा काही संबंध नाही. एकाने वाचलेल्या रकमेतला दहावा हिस्सा देऊ केला होता. ती म्हणाली, "हिस्सा घेतला की माझी पेन्सिल आपोआप रेघा मारायला लागेल. मला तिची खात्री नाही."

मला तिचा अभिमान वाटायचा, पण तो शेजारणीचा, वरवरचा. खरा वाटला तो ताईच्या गाडीच्या वेळी.

ताई माझी मोठी बहीण, बहात्तर वर्षांची. तिची गाडी सतरा वर्षांची. लांबलचक, गडद निळी, आत लाकडी पट्ट्या, आणि दार लावलं की पुस्तक मिटल्यासारखा आवाज. भावोजींनी हौसेने घेतलेली. ते दातांचे डॉक्टर. पुढे त्यांची नजर गेली, तेव्हा ताई एकसष्टाव्या वर्षी त्याच गाडीत चालवायला शिकली. शेजारी भावोजी बसायचे. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "इंजिन ओरडतंय, पाय काढ," असं सांगून त्यांनी तिला शिकवलं. ते गेल्यानंतरही ताईने गाडी सोडली नाही. ती पोहायला जाते, तीन मैत्रिणींना घेऊन जाते, आणि त्या तिघी मागच्या सीटवर बसून तिला रस्ता सांगतात. ती कोणाचंच ऐकत नाही.

एका सकाळी गाडी मागच्या डाव्या बाजूला खाली बसलेली दिसली, पाय दुखणाऱ्या माणसासारखी. या गाड्यांना स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात, चार चाकांना चार. शोरूमने गाडी तपासली आणि अकरा पानी एस्टिमेट दिलं. चारही पिशव्या बदला, हवा भरणारा पंप बदला, आणि पुढे आणखी चाळीस-एक ओळी. एकूण आकडा गाडी विकून येतील त्याहून जास्त.

भाचा बँकेत अधिकारी आहे. वाईट नाही, काळजीवाहू आहे. तो म्हणाला, "आई, ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला."

"कोंबडी माझी आहे," ताई म्हणाली.

बरंच ताणल्यावर त्याने एक अट घातली. गाडीची आज जी किंमत येईल, तिच्या निम्म्याच्या आत खर्च बसला तर दुरुस्ती. एक पैसा वर गेला तर गाडी विकायची आणि ताईने गाडी चालवणं सोडायचं. ताईने मान हलवली, पण त्या दिवशी तिचा चहा तसाच निवला. मी तिला चाळणीकडे घेऊन गेले.

भाचाही आला होता. चाळणीला गाडी चालवता येत नाही हे कळल्यावर त्याला हसू आवरेना. "काकू, स्वतः स्टिअरिंग न धरता गाडीचं बिल तपासता?"

"तुझ्या मावशीने पेपर तपासले ते काय दरवर्षी सातवीच्या परीक्षेला बसून?" चाळणी म्हणाली, आणि मेजरिंग टेप घेऊन खाली उतरली.

तिने चारही चाकांच्या मधोमध खडूने टिंब केलं आणि तिथून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजलं. तीन चाकांचं अंतर होतं तेवढंच होतं. मागच्या डाव्या चाकापाशी गाडी चार बोटं खाली. मग तिने ताईला गाडी सुरू करायला लावली आणि गाडी उचलली जायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहिलं. "पंप ठणठणीत आहे. पिशवी एकच फुटलीय. बाकी तिघी काही वर्षं जगतील."

दुपारी टेबलावर अकरा पानं पसरली. आम्ही तिघं समोर बसलो होतो, निकालाच्या दिवशी बसतात तसे. तीन पिशव्यांवर रेघ. पंपावर रेघ. नववं पान तर नुसतं भरताड होतं: आतून सुगंधी फवारणी, इंजिनला चकाकी, टायरला पॉलिश. तिथे तिने एका दमात खालपर्यंत रेघा ओढल्या. मग बेरीज. निम्म्याच्या आत, पण अगदी काठाला. भाच्याने मोबाइलवर दोनदा करून पाहिली. "बसतंय," तो म्हणाला. ताईने माझा हात दाबला. चाळणीने ताईकडून गाडीच्या जुन्या बिलांची फाइल मागून घेतली, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "बाई, ताईंना सांगा, गाडी अजिबात बाहेर काढायची नाही. शोरूमने उचलून न्यायची. आपण शोरूमला बसने जाऊ. माझं एक चुकलंय."

भावोजींनी आणि त्यांच्यामागे ताईने सतरा वर्षांतलं एकूण एक बिल जपून ठेवलं होतं. चाळणीने ती सगळी वाचली होती, आणि त्यात एकदाही ब्रेकचे रबरी पाइप बदललेले नव्हते. नवव्या पानावर, सुगंधी फवारणी आणि टायर पॉलिश यांच्या मधे एक ओळ होती: ब्रेकचे पाइप, चारही. त्याच दमात तिने तीही खोडली होती.

मला वर्गातला मागचा बाक आठवला. तिथे चौघं दंगा करतात आणि बाई पाचव्यालाही उभं करतात. मीही केलंय. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

ताई दहा वर्षांनी बसमध्ये चढली होती. दांडा घट्ट धरून उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या प्रत्येक ब्रेकला मान हलवत त्याला मार्क देत राहिली.

शोरूममधला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर चाळणीच्याच हाताखाली तयार झालेला. तिला बघताच त्याने शर्ट आत खोचला. "मॅडम, आज कोणत्या ओळी कापायला?"

"एक वाढवायला आलेय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. गाडी लिफ्टवर चढली. चाळणीने टॉर्च घेतला, मागच्या चाकाजवळचा पाइप दोन बोटांनी किंचित वाकवला. रबरावर बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. एके ठिकाणी पाइप फुगलेला होता.

"मी लिहिलं होतं," अ‍ॅडव्हायझर हळूच म्हणाला.

"लिहिलं होतंस, आणि बरोबर लिहिलं होतंस. पण अत्तराच्या शेजारी लिहिलंस. फोटो नाही, काही नाही."

"फोटो तुम्ही मागितला असतात तर काढला असता."

"हो," ती म्हणाली. "मागायला हवा होता. तिथे प्रश्नचिन्ह हवं होतं, मी रेघ मारली."

त्याने ओळ परत घातली आणि नवी बेरीज छापून आणली. निम्म्याच्या वर. थोडीशीच, पण वर.

काचेच्या त्या खोलीत, कॉफीच्या मशीनशेजारी ताई चाळणीच्या कानाशी लागली. "अगं, पाइप पुढच्या महिन्यात नाही का टाकता येणार? तोवर गाडी उभी ठेवीन मी. त्याला आत्ताच कळायला हवं असं थोडंच आहे?"

"ठेवाल तुम्ही उभी?"

ताईने पर्समधली किल्ली चाचपली.

"ताई, उतारावर ब्रेकवर पाय तुमचा असणार आहे. आणि मागे तुमच्या तीन मैत्रिणी." मग तिने स्वतःच भाच्याला फोन लावला.

तो जेवणाच्या सुट्टीत आला. चाळणीने त्याला आधी पाइप दाखवला, मग कागद.

"म्हणजे अट मोडली," तो म्हणाला.

"मोडली."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं. काल उत्तर हवं तसं आलं होतं, पण रीत चुकली होती."

मला एकदम तो सातवीचा वर्ग दिसला. भाच्याने अकरा पानं उलटीसुलटी चाळली. "मग बाकीच्या खोडलेल्या ओळी? त्याही अशाच असतील."

"त्या मी सकाळी एकेक करून परत पाहिल्या. खोडलेल्याच बऱ्या आहेत. चूक ही एकच, आणि माझी."

त्याने लिफ्टजवळ जाऊन तो फुगलेला पाइप पुन्हा एकदा पाहिला. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती पर्समधली गाडीची किल्ली बोटांत फिरवत होती, उद्या द्यावी लागली तर आजच पुरेशी धरून ठेवावी तशी.

"आई," तो शेवटी म्हणाला, "ती निम्म्याची अट मी पैशांसाठी घातली नव्हती. तू माझं ऐकत नाहीस, बाबांचं ऐकायचीस. एखाद्या दिवशी गाडी दगा देईल आणि तुला थांब म्हणणारं कोणी नसेल, ही भीती होती मला. ती काढून टाकायला गाडीच विकणं सोपं वाटलं." त्याने चाळणीकडे पाहिलं. "काकू, दर सहा महिन्यांनी तुम्ही बघणार का ही गाडी? तुमची फी मी देईन."

"बघेन. फी तेवढीच."

त्याने खिशातून पेन काढून सही केली. "ठेव तुझी कोंबडी," तो ताईला म्हणाला.

ताईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. मग उठून कॉफी मशीनपाशी गेली, आणि आम्हा सगळ्यांना कॉफी आणून दिली, अ‍ॅडव्हायझरलासुद्धा. त्याने ती उभ्यानेच प्यायली.

काम झाल्यावर चाळणीने नेहमीप्रमाणे जुने पार्ट खोक्यात भरून मागून घेतले. फुटलेली पिशवी ताईला दाखवली आणि टाकून दिली. चिरा पडलेला पाइप मात्र स्वतःकडे ठेवला. आता तो तिच्या टेबलावर असतो, एस्टिमेटची पानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेला. लोक विचारतात, हे काय? ती सांगते, "ही माझी रेघ." आणि नववं पान आलं की पेन्सिल खाली ठेवून आधी भिंग उचलते.

अलीकडे शोरूमच्या एस्टिमेटमध्ये ब्रेकच्या ओळी पहिल्या पानावर येतात, फोटोसकट. ते कोणी करायला लावलं ते अ‍ॅडव्हायझर सांगत नाही, पण शर्ट आत खोचतो. मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, आणि चूक खोडून बरोबर लिहिल्याचे मार्क कितीतरी मुलांना दिले. आपली चूक स्वतः जाऊन दाखवणारीला काय द्यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फक्त ओळखीच्या लोकांना सांगते की ती आमच्याच इमारतीत राहते.

चाळणी आता एकसष्ट वर्षांची आहे. रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानात ती ताईच्या गाडीत चालवायला शिकते, शेजारी ताई बसते. पुढे बरी जाते. रिव्हर्स अजून जमत नाही.