गयाबाईची झेंडी

रूळ उचलायचा जॅक गयाबाई डोक्यावरून न्यायची, खाली चुंबळ ठेवून, भरली घागर न्यावी तसा. आम्ही रेल्वेच्या गँगमधले गडी तोच जॅक दोघांत धरायचो आणि वाटेत टेकवायचो. "खांद्यावरलं वझं कुरकुरतं, डोईवरलं गप ऱ्हातं," ती म्हणायची.

हिंगोली-वसमतच्या मधल्या लाइनवर आमची गँग होती. लाइन तेव्हा लहान, मीटरगेज. नवरा नोकरीत असताना काविळीने गेला आणि त्याच्या जागी गयाबाई लागली. पण पहारींनी रूळ उचलून त्याखाली बीटरने खडी ठोकायची, हे काम जोडीचं. समोरासमोर दोघं, एकाचा घाव पडला की दुसऱ्याचा. "बाईसंगं जोडी कोन धरील?" शेषराव मुकादमाने पहिल्याच दिवशी विचारलं. कोणी पुढे झालं नाही. मग येणारी गाडी थांबवायला लाल झेंडी देऊन तिला लांब उभं केलं.

"फुकटची भाकर घशाखाली उतरंना मुकादम. काम द्या."

"झेंडी दावनं बी कामच हाय, बाई," मुकादम म्हणायचा. ते खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त लागायचं.

पुढे हायड्रॉलिक जॅक आला. मुकादमाने तो हत्यारांच्या खोलीत कोपऱ्यात टाकला. "आपले हात असताना हे खेळनं काहून पायजे?"

शिवरात्रीला निम्मी गँग औंढ्याला गेली होती आणि नेमका नाल्यावरच्या मोरीजवळचा रूळ खचला. उरलेल्यांच्या पहारींनी तो हलेना. वेळ लागेल हे सांगायला मी गयाबाईकडे गेलो, तर तिच्या पायाशी जॅक. माणसं कमी पडणार हे ओळखून सकाळीच तिने तो आणून ठेवला होता. झेंडी माझ्या हातात देऊन ती जॅक घेऊन निघाली. झेंडीच्या जागेवरून सगळं दिसतं आणि आपण कशातच नसतो. लांबून तिचा हात दांडीवर खालीवर होताना दिसला. गडी भोवती नुसते उभे होते. रूळ उचलला गेला. पुढचं गड्यांनी मला नंतर सांगितलं: मुकादमाने तोंडातली तंबाखू थुंकली, बीटर उचलला आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. "चाल बाई, ठोक."

ती जोडी पुढे बरीच वर्षं टिकली. गयाबाई त्या काळात जरा मोठ्याने हसायला लागली होती.

मग मोठी लाइन, ब्रॉडगेज, आली आणि पाठोपाठ रुळावरून चालणारं भलंमोठं मशीन. रूळही तेच उचलायचं, खडीही तेच दाबायचं. आम्हाला बाजूला उभं करून एकेक झेंडी दिली. मुकादमाची निवृत्ती जवळ आली होती. झेंडी काखेत मारून तो मशीनकडे पाठ करून बसला. मला त्याचं वाईट वाटलं.

गयाबाई त्याच्याजवळ गेली. त्याच्या काखेतली झेंडी काढून तिने उलगडली आणि त्याच्या हातात दिली.

"उठा मुकादम. झेंडी दावनं बी कामच हाय."

टोमणा असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिच्याही हातात पुन्हा झेंडीच होती.