वनउद्यानातली बरणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्याबरोबर रस्त्यावर घोषणा दिल्या त्यांनाही नाही. आज सांगते — आणि ऐकून कुणी हळहळू नये. मला ते नकोय.

मी वडगावची, हातमागाच्या घरातली. सुताला लावायची गव्हाची खळ आणि आप्पांच्या युनियनची पत्रकं, ही दोन्ही आमच्याकडे कधी संपली नाहीत. खळ भिंतीला लावायची, वर पत्रक डकवायचं — हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. पत्रकात खोटं लिहायचं नसतं, असं आप्पा म्हणायचे. मीही म्हणते. अजूनही म्हणते!

खानापूरच्या पुढच्या वनउद्यानात आम्ही मित्रमैत्रिणी जिओकॅशिंग खेळायचो. झाडीत डबा लपवायचा, जागा फोनवर टाकायची, इतरांनी तो हुडकायचा आणि आतल्या चिठ्ठीवर सही करून परत ठेवायचा. नियम साधा — डब्यात खाण्याचं काही नको, जनावरं येतात. नव्या पोरांना तो नियम मीच ऐकवायचे.

माझा डबा म्हणजे चिक्कीची रिकामी प्लास्टिकची बरणी. पण माझ्या बरणीत किचेन, गोट्या असलं काही कसं चालेल? मी जंगल वाचवायचं पत्रक घातलं. कुणी ते काढून टाकू नये म्हणून आतून डकवलं — घरच्या खळीनं, जाड थापून. झाकण नीट बसत नव्हतं. मला ते दिसत होतं. जागा फोनवर टाकायची राहून गेली, त्यामुळे बरणी माझी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी एकटीच गेले, तर उदमांजर पडलेलं. डोकं बरणीत. गुदमरून मेलेलं. भोवतालची माती त्यानं नखांनी उकरून काढलेली —

मग मी काय केलं? रडले? बरणी ओढून काढली. आतलं पत्रक, कडेची खळ चाटून गेलेली, खरवडून खिशात कोंबलं. बरणी पुन्हा त्याच्या डोक्यावर चढवली. आणि फोटो काढला.

त्या फोटोवर मी नवं पत्रक लिहिलं. उद्यानाच्या फाटकाशी पारूआक्काची टपरी होती. ती तसल्याच बरण्यांतून चिक्की विकायची. तिचं नाव मी घातलं नाही — बरणी ‘फाटकाजवळच्या टपरीची’ एवढंच. किती जपून, बघा! कडोलीला साहित्य संमेलनाच्या मांडवात पत्रक वाटलं, लोकांनी पाठ थोपटली. थोड्याच दिवसांत टपरी उठवली गेली.

जंगलात प्लास्टिक नको, हे मी उद्याही ओरडून सांगेन. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. आणि म्हणूनच — बाजू खरी होती, तर मला खोटं कशाला लागलं?

पुढे आक्का मला खानापूरच्या बाजारात भेटली, डोक्यावर चिक्कीची पाटी. भांडेल म्हणून मी कंबर कसली.

“लई चांगलं लिहितीस गं,” ती म्हणाली. “खरं सांग, ती बरणी माझीच व्हती व्हय?”

“व्हय, आक्का.”

तिनं पाटी खाली ठेवली. “आगं बया... मुका जीव माझ्यापायी गेला की गं.” आणि भर बाजारात पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून ती चिक्की कागदात बांधून देते. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगते, “बरणी न्हाय देत बाबा. माझ्या बरणीनं एक जीव घेतलाय.” काल पुन्हा सांगत होती. मी शेजारीच उभी होते, तोंडात तिचीच चिक्की.