नाव न विचारलेला माणूस

ज्याने भुताखेतांविरुद्ध सहा पत्रके लिहिली, ती शुक्रवार पेठेपासून सोलापूर स्टेशनपर्यंत स्वतः वाटली आणि त्यापायी दोनदा मारही खाल्ला, त्याच माणसाने हा अनुभव लिहावा, याला माझे मित्र हसतील. हसू द्या. तीन वर्षे हे मनात ठेवून पाहिले. आता दमलो आहे…

माझी थोरली बहीण — आम्ही तिला अक्का म्हणतो — मंद्रूपला दिलेली. घर मेंढरांचे आणि घोंगड्यांचे. दाजी, म्हणजे तिचे यजमान सिद्राम, घोंगड्या विणत. भावाशी भांडून ते मुंबईला गेले आणि बोटीवर कोळसा ओढायच्या कामाला लागले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, जेऊरला आईवडिलांकडे. दाजींचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. पुढे कुणाकडून तरी लिहून घेतलेले एकच पत्र आले : आजारी पडलो, बोटवाल्यांनी बेटावर उतरवले, बरा झालो की येतो. पाकिटावर शिक्का माहे, सेशेल्सचा. मग काही नाही.

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहतात. मग दर्भाचा पुतळा करून जाळतात आणि बायकोचे कुंकू पुसतात. अकरावे वर्ष सरताच अक्काचा थोरला दीर पुतळ्याची भाषा बोलू लागला. मी भर बैठकीत सांगितले — गवत जाळून माणूस मरत नाही. पुरावा मी आणीन. जिवंत तर जिवंत, मेला तर मेला. तोवर माझ्या बहिणीच्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही.

संधी आली ती १९३४च्या फेब्रुवारीत. शिवलिंगअप्पा नावाचे चादरींचे व्यापारी मोंबासाला माल घेऊन निघाले होते. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी त्यांनी मला बरोबर घेतले. स्टीमर वाटेत माहेला एक दिवस थांबणार होती. डेकवर मी नुसता ओकत पडलेला. अप्पा म्हणाले, "पत्रकात देव न्हाय म्हणून छापतोस, अन् उलटी आली की आई गं म्हणतोस. आई जेऊरला हाय की रं तुजी. तिला हितनं ऐकू जातंय व्हय?"

माहेला सकाळी होडीने लांब धक्क्यावर उतरलो. दमट उकाडा, खोबऱ्याचा आणि दालचिनीचा वास, पाठीमागे हिरवागार डोंगर. आमच्या मुलखातल्या डोळ्यांना एवढे हिरवे सोसत नाही. पाकीट दाखवत पोस्टापासून दवाखान्यापर्यंत हिंडलो. तिथल्या लोकांची बोली फ्रेंचच्या वळणाची, माझे इंग्रजी निम्म्यांना कळेना. दुपारी एका मद्रासी दुकानदाराने पाकिटाकडे पाहिलेही नाही. नाव ऐकूनच मान हलवली.

"सिद्राम? कंबलवाला? चार साल पहले बुखार में गया. मैंने खुद मिट्टी डाला."

त्याने मला ती जागा दाखवली. नारळाखाली मातीचा उंचवटा, उशाशी एक धोंडा. मला रडूही आले नाही. दुकानदाराने इंग्रजीत दोन ओळी लिहून सही करून दिली. पुरावा मिळाला. माझ्या बहिणीच्या कपाळाचा निकाल खिशात घालून मी उन्हातून धक्क्याकडे चालत निघालो.

धक्क्यावर पोचलो आणि पिशवीचा पट्टा तुटला. मी मराठीत एक शिवी हासडली. शेजारी दगडावर एक माणूस बसला होता, खांद्यावर काळी घोंगडी.

"आण हिकडं," तो म्हणाला. "सोलापूरकडलं व्हय?"

"हो."

घोंगडीच्या दशीतून त्याने एक काळा धागा ओढला, ओठांत ओला केला आणि पट्टा बांधायला घेतला. त्याच्या उजव्या हाताचे पहिले बोट वाकत नव्हते. अंगठ्याने आणि मधल्या बोटानेच तो फेरे घेत होता.

"पाऊस झाला का औंदा?"

"बरा झाला."

"मेंढरं?"

"असतील. मी मेंढरं राखत नाही, पत्रकं लिहितो."

तो हसला. फेरे घेता घेता म्हणाला, "मला नाव-गाव इचारत न्हाईस व्हय?"

नाव-गाव विचारणे म्हणजे आडून जात विचारणे, हे माझ्या चौथ्या पत्रकात होते. अनोळखी माणसाला ते विचारायचे नाही, अशी आम्ही काही तरुणांनी शपथच घेतली होती. मी म्हणालो, "आम्ही विचारत नाही. माणूस म्हणजे माणूस."

त्याने शेवटचा फेरा आवळला. "बरं. मग सांगत न्हाय." पिशवी परत देताना म्हणाला, "सोडू नगं. धुतलीस की आनखी घट्ट हुईल."

होडीत अप्पांनी विचारले, "एवढ्या उकाड्यात घोंगडं घिऊन बसल्याला कोण रं त्यो? आपल्याकडलाच दिसत हुता."

मी म्हणालो, विचारलं नाही.

मला तेव्हाच कसे सुचले नाही, असे वाचणारा म्हणेल. पण मी नुकताच दाजींच्या मातीशी उभा राहून आलो होतो. त्यानंतर धक्क्यावर त्यांना कोण शोधतो? हिंदुस्थानातली माणसे तिथे पुष्कळ होती.

एप्रिलमध्ये मंद्रूपला गेलो. सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचून तिचा अर्थ सांगितला. थोरल्या जावेने पाण्याचा तांब्या आणून अक्कापुढे ठेवला — कुंकू पुसायला. मी आल्यापासून पिशवी तशीच उंबऱ्याशी पडली होती. खुंटीला लावावी म्हणून अक्काने ती उचलली, आणि तिचा हात थांबला.

"ही गाठ कुणी मारली?"

मी धक्क्यावरच्या माणसाचे सांगितले. तिने गाठ नाकाशी नेली. "लोकर आपली हाय. चिंचोक्याची खळ लावल्याली." मग विचारले, "त्येचं बोट कसं हुतं?"

बोटाचे मी तिला सांगितले नव्हते. कुणालाच नव्हते.

"ताठ. उजव्या हाताचं पहिलं."

"इणताना मागात सापडलं हुतं," ती म्हणाली. "तू तवा लई बारका हुतास."

तिचा दीर माझ्यावर उखडला. "आरं, सांग की तिला. भुतंखेतं खोटी म्हणून तूच बोंबलत हिंडतोस न्हवं? मेला का न्हाय त्यो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चिठ्ठी माझ्या हातात होती. एरवी माझ्या तोंडून तासभर भाषण निघाले असते. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." हे वाक्य त्याआधी मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो.

"एकानं माती टाकली म्हणं, अन् ह्येनं गाठ मारल्याली बघितली," अक्का म्हणाली. "माती मला दिसत न्हाय. गाठ दिसतीया." तिने तांब्या उचलला आणि ते पाणी पिऊन टाकले.

पुढे मी त्या दुकानदाराला पत्र घातले : सिद्रामची घोंगडी कुणाकडे आहे? धक्क्यावर ती घेऊन बसतो तो कोण? तीन महिन्यांनी उत्तर आले. घोंगडी त्याच्या अंगावर घालूनच त्याला पुरले, बेटावर तसली दुसरी नाही. उन्हाने मला भास झाला म्हणावे, तर अप्पांनीही त्याला पाहिले होते. आणि भासाला गाठ मारता येत नाही. दुसरा कुणी मंद्रूपचा माणूस असेल, असे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले. बोटाशी येऊन ते थांबते. मला आजही याचा उलगडा झालेला नाही, आणि होईल असे वाटत नाही.

अक्काच्या कपाळावर कुंकू आहे. पिशवी तिने ठेवून घेतली. ती मधूनमधून धुते. गाठ आवळून आवळून चिंचोक्याएवढी झाली आहे. मी गेलो की भाकरी वाढता वाढता ती कधीतरी विचारते, "त्येनं आपनहून म्हटलं हुतं, नाव-गाव इचारत न्हाईस व्हय म्हणून?"

"व्हय, अक्का."

"अन् तू?"

चौथे पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. मी खाली मान घालून भाकरी मोडत बसतो.