ढिली बाही

वारलू भाऊला तिरसट म्हणणाऱ्यांना मी आधी सुकलूचा पाय दाखवतो. सुकलू त्याचा धाकटा भाऊ. तरुणपणी दोघं थंडीत धानात शिरलेल्या डुकरामागे गेले होते. वारलूने अंगावर घोंगडी तशीच ठेवून धनुष्य ओढलं. दोरी घोंगडीत अडकली आणि बाण सुकलूच्या मांडीत शिरला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हापासून वारलू रोज सकाळी सुकलूच्या घरी जाऊन पाणी भरतो.

शिकार सुटली. आता गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात तो पोरींना तिरंदाजी शिकवतो. कितीही थंडी असो, डाव्या हाताची बाही जुन्या लुगड्याच्या चिंधीने आवळून बांधल्याशिवाय तो कुणाला बाणाला हात लावू देत नाही. बांधली नाही की शिव्या. मी शाळेचा क्रीडाशिक्षक, मलाही खाव्या लागल्या आहेत.

जानेवारीत चंद्रपूरला निवड चाचणी होती. वारलूकडे शिकणाऱ्या पुनमचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. आयोजकांनी सगळ्यांना जाकिटं वाटली. दोन मापं मोठी, फुगीर, पाठीवर पाहुण्या पुढाऱ्याचं भलंमोठं नाव. थंडीत कुडकुडणाऱ्या पोरींची काळजी नव्हती हो त्यांना, फोटोची होती! जाकीट काढायचं नाही, वर चिंधी बांधायची नाही, असा हुकूम.

वारलू प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपलीकडून ओरडला, "सर, बाही ढिली हाये! दोरी अटकन!"

मी धावत त्याच्याजवळ गेलो. "भाऊ, गप राहा ना. साहेब पाहून राह्यले. फोटो होऊ द्या."

आयुष्यात पहिल्यांदा तो गप राहिला. माझ्या शब्दाखातर.

चौथ्या बाणाला पुनमची दोरी बाहीत अडकली. बाण दहा-बारा पावलांवर गवतात पडला. शून्य. दोन गुणांनी तिची निवड हुकली. आयोजकांनी कारण विचारलं तेव्हा मी, शिकलेला माणूस, म्हणालो, "पोरीचा हात थरथरला." पुनम शेजारीच उभी होती. साहेबांपुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही, याची आजही मला चीड येते.

आठवडाभर पुनम मैदानावर आली नाही. धनुष्य आढ्याला टांगून ठेवलं म्हणे. मी वारलूकडे गेलो आणि म्हणालो, तुम्ही तिला समजवा.

तो सुकलूच्या अंगणात रांजण भरत होता. खाटेवर सुकलू पाय लांब करून बसला होता. वारलूने बादली दाणकन आपटली.

"तिले काय समजवू? हात थरथरला नाई तिचा, बाही नडली. तुमाले मालूम हाये, मले मालूम हाये. तिलेच मालूम नाई."

त्याने बादली पुन्हा उचलली.

"माह्या हातून चूक झाली तं मी रोज इथी येतो, सर. तुमी तिच्या घरी कधी जाता?"