नानांच्या चांदण्या

नानांना कुणी "काय चाललंय?" असं विचारलं, तरी ते आधी कॉम्प्युटरकडे बघायचे. भुसावळच्या आमच्या ऑफिसात ते कामांचं नियोजन सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. बाकी सगळे रंगीत तक्ते करत. नानांची एकच साधी फाईल. मोठ्या कामाच्या आधी एक चांदणीची खूण, त्याच्या पोटातल्या कामाआधी दोन, त्याच्याही पोटात काही असलं तर तीन. ओळीच्या शेवटी 'झालं' नाहीतर 'बाकी'. त्यात ऑफिसची कामं असत, गावाकडच्या, पिंपळनेरच्या घराची गळती असे, त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा चष्माही असे. मुलीच्या लग्नात विहीणबाई रुसल्या, तर या गृहस्थांनी मांडवात लॅपटॉप उघडून 'विहीणबाईंची समजूत – बाकी' अशी ओळ टाकली आणि मगच ते समजूत काढायला गेले.

ही फाईल ते कधी उघडून वाचत नसत. काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड दिली की बाकी कामं तेवढी गाळून समोर येत, शेवटी त्यांचा आकडा. "बठ्ठं वाचानी गरज नही. काय बाकी शे, तितलंच इचार," असं नानांचं अहिराणीतलं म्हणणं. कमांडमध्ये कुठे उभी रेघ, कुठे तिरकी, कुठे टोपीसारखी खूण.

"तुले समजनं का?"

"समजलं, नाना."

डोंबल समजलं होतं! तिरकी रेघ लावली की चांदणीचा अर्थ बदलतो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला चांदणीचा मूळ अर्थही कळेनासा झाला.

नानांच्या निवृत्तीची भरीत पार्टी एका मित्राच्या केळीच्या बागेत ठरली. सगळी व्यवस्था नानांनी हट्टानं स्वतःकडे घेतली. सकाळी त्यांनी कमांड दिली आणि जाहीर केलं, "बाकी शून्य!" बागेत पोचलो तर हिरवी वांगी टोपलीभर, कळण्याच्या भाकरी तयार, पण वांगी भाजायला कपाशीच्या काड्याच नाहीत. गॅसवर भाजू, असं कुणीतरी म्हणालं आणि शिव्या खाल्ल्या.

"मी त लिखेल व्हतं," म्हणत नानांनी फाईल उघडली. ओळ होती. 'वांगी – झालं' याच्या पोटात, दोन चांदण्यांची: 'काड्या – बाकी'. त्या सकाळी त्यांनी फक्त एका चांदणीच्या ओळी मागितल्या होत्या. पडद्याकडे बघत ते म्हणाले, "मालेच समजनं नही रे." सगळे हसले. मीही हसलो. शेजारच्या शेतातून काड्या आल्या, भरीत झकास झालं.

फाईलची एक प्रत माझ्याकडे ठेवून नाना पिंपळनेरला राहायला गेले. एके दिवशी त्यांचा फोन आला, "ती कमांड सांग बरं." मी अक्षर न् अक्षर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकूंनी फोन हातात घेतला. डॉक्टर म्हणाले होते, विसरणं आता वाढतच जाणार. मागून नानांचा आवाज आला, "फाईल त्यानाकडे शे ना? त्याले म्हन, वाची दाखाड."

आता रोज सकाळी मी फोन लावतो. कमांड मला आता चांगली येते, पण मी ती देत नाही. पहिल्या चांदणीपासून एकेक ओळ वाचतो, झालेलीसुद्धा. काकूंच्या चष्म्यापाशी ते मला थांबवतात.

"हाई व्हयी गयं?"

"झालं, नाना."

"बेस. पुढे वाच."