नऊ नावं आणि एक ओळ

आमच्या कविता मंडळात दर शनिवारी कविता वाचल्या जात, पण लक्षात राहिले ते किस्सेच. कविता एकदा फेअर करून वहीत गेली की तिचं काम संपतं. किस्से कुणी फेअर करत नाही, म्हणून ते कच्चेच साठत जातात. मंडळाच्या हस्तलिखितात लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण मला चारचौघांत बोलता येत नाही आणि अक्षर मात्र बरं आहे. बाकीच्या मुली बोलत, मी ऐकत बसे. त्यामुळे माझ्याजवळचा साठा जरा मोठा आहे.

*

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, छप्पन्न साली, साठेबाई पुण्याहून आमच्या चांद्याच्या शाळेत आल्या. त्यांनीच मंडळ काढलं. पहिल्या शनिवारी म्हणाल्या, "आपापल्या गावावर कविता लिहून आणा."

पुढच्या शनिवारी अकरा कविता आल्या. त्यातल्या सात कवितांत समुद्र होता. एकीच्या गावाला लाटा होत्या, दुसरीच्या गावाला गलबतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मुलींनो, चांद्यात समुद्र कुठं आहे?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. मग कुंदा उठली. कुंदा आमची मॉनिटर, वकिलांची मुलगी, कुणाला भीत नाही. "बाई, पुस्तकातल्या कवितांत समुद्रच असते. म्हणून आमी रामाळा तलावालेच मोठं केलं."

बाई खूप हसल्या. मीही हसले. पण सातांतला एक समुद्र माझा होता, आणि कुंदाचाही नव्हता इतका मोठा होता.

*

जुबेदाचे वडील बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरतात. तिनं त्यांच्यावरच कविता आणली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांची आरोळी होती, "चूडी लो, हरी चूडी, लाल चूडी."

बाई म्हणाल्या, "कविता गोड आहे. पण ही आरोळी काढून टाक. एक तर ती हिंदी, आणि सारखी सारखी येते."

जुबेदा म्हणाली, "बाई, आरोळी काढली तर गावाले कसं समजन, अब्बा आले म्हणून?"

बाईंनी उचललेली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "राहू दे."

मी ती कविता वहीत उतरवली तेव्हा जुबेदा समोरच्या बेंचवर येऊन बसली. "सगळ्या आरोळ्या लिहाच्या बरं. एक बी कमी नाई पाहिजे." ती बोटांवर मोजत होती. मी एकही कमी केली नाही.

*

माझी एकच कविता मंडळात वाचली गेली, तीही कुंदानं वाचली. कविता सकाळच्या सड्यावर होती. एकदम पुस्तकी होती. बाईंनी ऐकून विचारलं, "छान. पण तुझी आई अंगणात असं बोलते? तुमच्या घरी 'मले, तुले' म्हणतात ना?"

खरं म्हणजे आमच्या घरी दुसरं काही म्हणतच नाहीत. पण मला लाज वाटली. मी उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "नाई बाई."

वर्ग हसून हसून आडवा झाला. बाईसुद्धा. कुंदानं तर आठवडाभर मला 'नाई बाई' हेच नाव ठेवलं होतं. त्या दिवशी "हो" म्हणून टाकलं असतं तर किती सोपं होतं, हे आता वाटतं.

*

चैती माझ्या शेजारी बसत असे. तिचं गाव गडचिरोलीच्याही पुढे, जंगलात. ती हॉस्टेलात राहायची. घरी गोंडी, इथे मराठी. मंडळात ती माझ्यासारखीच गप्प असे, म्हणून आमचं पटत होतं.

एका शनिवारी तिनं कविता आणली. गाव सोडून निघालेली एक मुलगी एकेका गोष्टीचं नाव घेते. दारचं मोहाचं झाड, तेंदूची टेकडी, भाताच्या बांधीतला बगळा, अशी नऊ नावं. आणि प्रत्येक नावानंतर तीच ओळ, "आमी इथीच आहो."

कुंदा म्हणाली, "काऊन व चैती, एकच ओळ नऊदा? पान भराचं होतं काय?"

चैती म्हणाली, "ते एकटीनं म्हणाचं नसते. आमच्या गावात गाणं तसंच असते. एकजण नाव घेते, बाकीच्या ओळ परत देतेत. नाई दिली तर पुढं जाता येत नाई."

नंतर बेंचवर तिनं मला एकटीला सांगितलं, "गॅदरिंगले आई येऊन राह्यली. म्हणते, पोरगी आमची राह्यली का नाई ते पाहतो, मंग शाळेत ठेवाचं का घरी न्याचं ते सांगतो. मी हेच वाचून दाखवतो तिले. तिले मराठी समजते, दिवाळीत घरी जाऊन ही ओळ शिकवून ठेवतो."

*

दिवाळीच्या सुटीत मी हस्तलिखित पुरं करायला बसले. कुंदानं आधीच प्रत्येक पानावर लाल शाईनं वेलीची चौकट काढून ठेवली होती. चौकटीत माझ्या अक्षराच्या बारा ओळी मावत. चैतीच्या कवितेच्या होत्या अठरा.

दुसरं पान जोडता आलं असतं. पण चौकट फक्त एकाच पानाला होती, आणि बिनचौकटीचं पान मला उघडंबोडकं वाटलं. मी विचार केला, ओळ तर एकच आहे, एकदा लिहिली म्हणजे झालं. नऊ नावं एकाखाली एक लिहिली आणि शेवटी ती ओळ, जराशा ठळक अक्षरात. चैती गावी गेली होती. समोर बसून मोजायला कुणी नव्हतं.

बाईंनी पान पाहिलं. "आता कशी बांधेसूद झाली. तू केलंस?"

मी मान हलवली. मंडळात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. चैतीला सांगायचं होतं. सुटी संपल्यावर मी रोज ठरवत होते, उद्या सांगू.

*

गॅदरिंगला चैतीची आई आली. वैनगंगा नावेतून ओलांडून, मग मोटारीनं. पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेत अगदी ताठ बसली होती.

सगळ्यांनी हस्तलिखितातूनच वाचायचं असा बाईंचा नियम होता. चैतीनं पान उघडलं. पहिलं नाव वाचलं, "आमच्या दारचा मोह." मग पुढची ओळ शोधत थांबली.

मागून आवाज आला, "आमी इथीच आहो."

आख्खा हॉल मागे वळून हसला. चैतीनं दुसरं नाव घेतलं. "तेंदूची टेकडी." आईनं पुन्हा ओळ दिली, अधिक मोठ्यानं. हसणं वाढलं. हेडबाईंनी वळून ओठांवर बोट ठेवलं. आई गप्प झाली.

उरलेली सात नावं चैतीनं वाचली. प्रत्येक नावानंतर ती जरा थांबत होती. मी पहिल्या रांगेत होते. ओळ माझ्या तोंडात होती, सातही वेळा.

शेवटची ठळक ओळ तिनं वाचलीच नाही. वही मिटून माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि आईजवळ जाऊन बसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, चैतीला घरी नेताहेत. मी मोटार स्टँडवर धावत गेले. दोघी मोटारीत बसल्या होत्या. ट्रंक टपावर चढली होती.

चैतीच्या आईनं मला पाहिलं. "तूच काय व ते लिवणारी? चैती सांगत होती, तुयं अक्षर लय सुंदर आहे म्हणून."

चैती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. इंजिन सुरू झालं. तेव्हा ती म्हणाली, "आमच्या दारचा मोह."

स्टँडवर किती माणसं होती. मी म्हणाले, "आमी इथीच आहो." इतक्या मोठ्यानं, की पानवाल्यानं मान वर केली.

चैती म्हणाली, "अजून आठ राह्यले."

आणि मोटार हलली.