फाटलेल्या पानावरची गोष्ट

मी रोह्याची, संस्थेचं ऑफिस पेणला आणि शिकवायची मुलं कासूजवळच्या खाडीकाठच्या वाडीत. सकाळची गाडी धरून पेणला जायचं, संस्थेचे अहवाल भरायचे, दुपारी टमटमने वाडीवर यायचं, शाळा सोडलेल्या मुलांना समाजमंदिरात वाचायला शिकवायचं आणि दिवेलागणीनंतर कधीतरी घरी पोचायचं. शनिवारीही तेच. मानधन असं, की माझा दादा त्याला ‘गाडीखर्च’ म्हणायचा. त्याने आपल्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. दिवाळीनंतरच्या सोमवारी मला भेटायला बोलावलं होतं. “शिफ्ट संपली की माणूस घरी,” हे तो जेवताना रोज ऐकवायचा.

मी त्याला हो म्हणत नव्हते ते एका मुलीमुळे. दहा वर्षांची, दुसरीतून शाळा सुटलेली. तिची आई मिठागरावर कामाला जायची आणि या हंगामापासून पोरीलाही सोबत नेणार होती. “धड वाचता नाय येत, शाळेत बसून काय करंल?” असं तिचं म्हणणं. मी भांडभांड भांडले. शेवटी ती वैतागून म्हणाली, “हंगामाच्या आधी वाचून दाखवू दे तिला. मंग पाठवते.”

सगळा पावसाळा मी त्या पोरीच्या मागे हात धुऊन लागले. आमच्याकडे मुलांना एकेक गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला द्यायची पद्धत आहे. तिने बकरीच्या गोष्टीचं नेलं ते पुन्हा बदललंच नाही. मला त्याचं कौतुकच वाटलं. महिन्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढे ‘वाचते’ या रकान्यात मी ऐटीत खूण केली.

दिवाळीची सुट्टी संपता संपता, त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी, मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. आई सुकट निवडत होती. मुलीने पुस्तक उघडलं आणि ओळीखाली बोट धरून धडाधड वाचायला लागली. मला तर रडूच येत होतं. तेवढ्यात एक पान आलं, त्याचा खालचा तुकडा फाटून गेलेला. तिचं बोट पानावरून घसरून फ्रॉकवर आलं आणि तोंड तसंच चालू राहिलं. फाटून गेलेल्या ओळी तिने एकही शब्द न चुकता वाचल्या.

“व्हय,” आई म्हणाली, “सोमवारी नेते तिला शाळेत.”

मला स्वतःचा भयंकर राग आला. पाच महिने मी पोपट शिकवला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळणार नव्हतं. संस्थेचा तक्ता भरलेला, मुलगी शाळेत, मी कंपनीत. पण आठवड्याभरात ती वर्गात तोंडघशी पडली असती आणि मग तिने पुन्हा शाळेचं नाव काढलं नसतं.

“वैनी,” मी म्हणाले, “तिला वाचता येत नाही. गोष्ट पाठ झालीये तिला. चूक माझी आहे.”

तिने सुकटीतून मान वर केली नाही. “ठावं हाय. रोज तीच गोष्ट, तेच शब्द. मला वाचता नाय येत गो, पण कान हायत.”

“मग हो का म्हणालात?”

“तू येतेस म्हणून. चिखलात, पावसात. ज्याच्यासाठी कोण एवढं येतंय, त्यात कायतरी असंल.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “तू हायस ना पुढं?”

कंपनीचं तिला काहीच माहीत नव्हतं.

“आहे,” मी म्हणाले. दादाला काय सांगायचं ते तिथेच ठरलं.

पुस्तक मी पिशवीत टाकलं. खडू काढून ओट्याच्या लादीवर एक ओळ लिहिली आणि मुलीला म्हटलं, वाच. तिने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, मागे जात ती पुढे सरकू लागली. माझी गाडी निघायची वेळ झाली होती. मी हलले नाही.

“म...ला... वा...च...ता... नाय...”

सुकटीतला हात थांबला. आईने लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे मी बोलले ते?”

“तेच.”

ती सरकून पोरीजवळ आली. “पुरं वाच,” ती म्हणाली. “सावकाश वाच.”